हौसाबाईंचा पाचवा मजला

"परत वाच," हौसाबाई म्हणाल्या.

आभाने कागद परत वाचला. ती साईटची इंजिनिअर, पण आवाज शाळेत नापास झालेल्या मुलीसारखा खाली गेला होता. पाचव्या मजल्याच्या अठरा कॉलमचे काँक्रीट ओतताना त्याच मालाचे ठोकळे भरून ठेवले होते. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून पनवेलच्या प्रयोगशाळेत दाबून पाहिले होते. ताकद तीस यायला हवी होती. कुठे सतरा आली होती, कुठे एकोणीस.

"म्हंजे नापास."

"हो काकी. सात दिवसांच्या ठोकळ्यांचेही आकडे कमीच आले होते."

"ते कवा आलं?"

"तीन आठवडे झाले."

"आनि मना आज सांगतीस?"

आभाने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. "दीपेशसर म्हणाले, अठ्ठावीस दिवसांचे येईपर्यंत थांबू. कधीकधी नंतर ताकद वाढते."

हौसाबाईंनी मान वर करून इमारतीकडे पाहिले. उलव्याच्या त्या रस्त्यावर एकाला एक खेटून दहा बांधकामे चालू होती, पण सात मजल्यांचा सांगाडा ठरल्या तारखेच्या आधी उभा राहिला होता तो त्यांचाच. तीन आठवडे थांबायचे म्हणून काम थांबले नव्हते. त्याच कॉलमवर सहावा मजला चढला होता, सातवा चढला होता, परवा गच्चीचा स्लॅबही ओतून झाला होता. वर कामगारांनी हौसेने झेंडूची माळ बांधली होती.

"त्या दिवशी मालाला काय झालं होतं?" त्यांनी विचारले.

आभाने कागदाची घडी घातली.

"बरं. नको सांगू. ज्यानं सांगायचं तो सांगंल."

दीपेशने दुपारी सांगितले. पनवेलच्या ऑफिसात, दार लावून. तो हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा, बत्तीस वर्षांचा. बुकिंग, बँका, जाहिराती सगळे तोच बघायचा. त्या दिवशी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एक कंटेनर उलटला होता आणि काँक्रीटचे चारही मिक्सर साडेतीन तास अडकले होते. साईटवर पोचले तेव्हा माल घट्ट व्हायला लागला होता. आभा म्हणाली, परत पाठवा. साचे लावणारा सेंट्रिंगवाला म्हणाला, पाणी मारू, सुटेल.

"मग?"

"मी म्हटलं, ओता." दीपेश टेबलाकडे बघत म्हणाला. "आई, स्लॅबची डेट गेली असती. सगळेच मारतात पाणी. एवढा फरक पडेल असं वाटलं नाही मला."

हौसाबाईंनी सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या आरसीसी सल्लागारांना फोन लावला आणि संध्याकाळच्या आत यायला सांगितले.

हौसाबाई गावंड वयाच्या अकराव्या वर्षी मिठागरात उतरल्या होत्या. आईबरोबर, शाळा सांभाळून. मीठ ओढायचे, टोपलीत भरायचे, डोक्यावरून बांधावर न्यायचे. लग्न झाले ते बळीराम गावंड या ट्रेलर ड्रायव्हरशी. मिठागर आणि शेत शहरासाठी गेले, आणि बदल्यात प्लॉट मिळणार असे कागद आले. कागदांनंतर प्लॉट हातात यायला चौदा वर्षे लागली. तो आला त्याच आठवड्यात दारात तीन गाड्या उभ्या राहिल्या. मुंबईचा एक बिल्डर पेढे घेऊन आला होता.

"या जागंवं तुमी काय करनार?" हौसाबाईंनी त्याला विचारले होते.

"बिल्डिंग बांधणार, ताई."

"मंग ती मीच बांधते की."

बिल्डर हसला होता, बळीरामही हसला होता. त्या हसल्या नव्हत्या. सातवी शिकलेल्या बाईने नकाशा वाचायला शिकायला एक पावसाळा घेतला. परवानग्यांसाठी कचेरीत गेल्या की टेबलामागचा माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, "मालक कुठे आहेत?" त्या खुर्ची ओढून बसायच्या. "मालक बसलाय तुमच्या पुढं. बोला." पहिली इमारत चार मजल्यांची झाली. दुसरी पाच. पाचव्या इमारतीनंतर लोक त्यांना 'बाई बिल्डर' म्हणायला लागले. आधी ते चेष्टेने म्हणत. मग चेष्टा गळून गेली आणि नाव राहिले. गावातल्या ज्या बायकांनी त्यांच्याबरोबर मीठ ओढले होते त्यांच्यापैकी दोघींनी पोरांसाठी त्यांच्याकडेच घर घेतले. एवढ्या वर्षांत बांधलेल्या कुठल्याही घराच्या भिंतीला ओल आली तर हौसाबाई स्वतः जाऊन बघायच्या. ही सातमजली त्यांची नववी.

सल्लागार आले तेव्हा सोबत मशीन घेऊनच आले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या कॉलममधून काँक्रीटचे गोल तुकडे काढून तपासायचे होते. त्याला आठवडा गेला. निकाल तोच आला. अठरापैकी अकरा कॉलम नापास.

"घाबरून जाऊ नका, हौसाबाई," सल्लागार म्हणाले. वीस वर्षांची ओळख होती. "सगळ्यात वाईट चार कॉलमना बाहेरून सळया बांधून नवीन काँक्रीटचा थर देऊ. बाकीच्या सातांसाठी मी पत्र देतो. चालण्यासारखे आहेत म्हणून. फाईलला लावा, विषय संपला."

दीपेशने सुटकेचा निःश्वास सोडला.

"द्या पत्र," हौसाबाई म्हणाल्या. "पन मराठीत लिवा. सोपं. अकरा खांब कच्चं हायत, त्यातलं चार आमी दुरुस्त केलं, सात तसंच ठेवलं. खाली तुमची सही. मी ते मोठं करून गेटवं लावते. लोकांना वाचू दे."

"असं कोण लिहितं?"

"का? खोटं हाय त्यात काय?"

सल्लागारांनी पेनाचे टोपण लावले. "मग अकराही कॉलमना थर द्या. नीट केलं तर टिकतं. खोल्या लहान होतील, खर्च होईल. पण माझ्या मनातलं विचाराल तर..." ते थांबले. "कॉलम आणि बीमच्या सांध्यात काय आहे, ते मी छातीठोक सांगू शकत नाही."

"तुमी छातीठोक सांगत नाय, आनि मी लोकांना वर ऱ्हायला पाठवू?"

"मग काय करणार?"

"तोडनार. पाचवा, सहावा, सातवा. परत बांधनार."

दीपेश उभा राहिला आणि परत बसला. "आई, तू शुद्धीवर आहेस का? तीन मजले! वर्षभर मागे जाऊ. पझेशनची डेट रेराला दिलेली आहे. बँक दारात उभं करणार नाही. आपण संपू."

"संपलो तर संपलो."

"हे बोलायला सोपं आहे."

"नाय रे बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "लय कठीन हाय. म्हनून एकदाच बोलते."

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना साईटवर बोलावले. पार्किंगच्या जागेत खुर्च्या मांडल्या. अठ्ठावीस घरे बुक झालेली. साठएक माणसे आली. कुणी मिठाईचा पुडा आणला होता, कारण सगळ्यांना वाटले होते की सांगाडा पूर्ण झाला म्हणून पूजा आहे.

हौसाबाईंना भाषण येत नव्हते. त्यांनी टेबलावर काँक्रीटचे दोन गोल तुकडे ठेवले. एक चौथ्या मजल्याचा, एक पाचव्याचा. "हातात घ्या, बगा," म्हणाल्या. तुकडे खुर्च्यांमधून फिरले. चौथ्याचा गुळगुळीत होता. पाचव्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोके होती, आणि हातात घेणाऱ्याच्या तळव्याला वाळू लागत होती. मग त्यांनी काय झाले आणि काय करणार ते सांगितले.

पहिला आवाज भावना साळवी यांचा चढला. त्या पनवेलच्या एका शाळेत शिक्षिका; सहाव्या मजल्यावर त्यांचे घर होते, म्हणजे आता असणार नव्हते.

"मॅडम, मी दोन वर्षं भाडं भरतेय आणि हप्ताही भरतेय. सासऱ्यांना गुडघे दुखतात तरी आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या चाळीसारख्या बिल्डिंगमध्ये राहतोय. दिवाळीत घर देणार म्हणाला होतात. आणि आता सांगता, तोडणार?"

"हो."

"कोणाच्या चुकीमुळे?"

दीपेश खांबाला टेकून उभा होता. आभा जमिनीकडे बघत होती.

"माझ्या," हौसाबाई म्हणाल्या.

"तुमच्या म्हणजे नक्की कोणाच्या? कोणीतरी केलंच असेल ना?"

"बोर्डावं नाव कुनाचं हाय? गावंड. मी गावंड. ज्यांना जायचं त्यांनी जा, मी अडवनार नाय, तुमचं पैसं तुमाला परत भेटंल. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा. पन त्या खांबांवं मी कुनाला झोपवनार नाय. तुमी शिव्या द्या, केस करा. मी तोडनार."

शिव्या मिळाल्या. एकाने खुर्ची लाथाडली. एक म्हातारे गृहस्थ मिठाईचा पुडा उघडायचा की नाही ते न कळून तसाच मांडीवर घेऊन बसले होते. भावना साळवी सगळ्यांत शेवटी निघाल्या. टेबलावरचा पाचव्या मजल्याचा तुकडा उचलून त्यांनी पिशवीत टाकला.

"हा मी घेऊन जाते. घरी दाखवायला लागेल," त्या म्हणाल्या. आवाजात राग तसाच होता.

सगळे गेल्यावर दीपेश पुढे आला. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"काय घेऊ? तू 'ओता' बोललास. तुला तारखांच्या मागं धावायला मीच शिकवलं. कुठून सुरू करू सांगायला?"

"मग निदान तोडू नकोस. हे रोज बघायला लावू नकोस मला."

मुलाच्या चेहऱ्याकडे हौसाबाईंनी नीट पाहिले. लहानपणी पडला की तो रडायचा नाही, नुसता ओठ आत घ्यायचा. तसाच ओठ आता आत गेला होता.

"नको बगू," त्या शेवटी म्हणाल्या. "पन तुटंल."

पुढच्या महिन्यात दीपेश खारघरच्या एका मोठ्या बिल्डरकडे नोकरीला लागला.

काँक्रीट फोडायचे ब्रेकर सातव्या मजल्यावर चढले त्याच दिवशी हौसाबाईंनी गेटवर पत्र्याचा बोर्ड लावला. शब्द त्यांनीच सांगितले, रंगाऱ्याने लिहिले: 'पाचव्या मजल्याचे खांब कच्चे निघाले म्हणून वरचे तीन मजले आम्ही स्वतः तोडत आहोत. तपासणीचा कागद ऑफिसात मिळेल. हौसा बळीराम गावंड.' येणारे जाणारे थांबून वाचायचे, मोबाईलने फोटो काढायचे. कुणी पसरवले की बांधकाम बेकायदा होते. कुणी म्हणाले, जमिनीखाली मूर्ती निघाली.

बळीराम संध्याकाळी नाक्यावरून घरी आला तो हसत. "लोक बोलतात, तुजी बायको येडी झाली."

"तू काय बोललास?"

"मी बोललो, ती लगीन झालं तवाधरनं हाय. तुमाला आज कलली."

चौथ्या दिवशी त्या भागातले तीन बिल्डर पांढऱ्या गाडीतून आले. तिघेही ओळखीचे, लग्नकार्याला येणारे-जाणारे. खुर्च्यांवर बसले, चहा घेतला. मोठा होता तो म्हणाला, "ताई, तोडायचं ते तोडा. तुमचा पैसा, तुमची बिल्डिंग. पण तो बोर्ड काढा."

"का?"

"का म्हणजे? काल माझ्या साईटवर एक जोडपं आलं. टाइल्स बघायच्या सोडून विचारतात, ठोकळ्यांचे रिपोर्ट दाखवा. सगळ्यांकडे हेच चाललंय."

"मंग दाखवा ना."

त्या माणसाने कप खाली ठेवला.

"हायत ना?" हौसाबाईंनी विचारले.

"ताई, धंद्यात सगळ्यांना एकमेकांची गरज लागते. उद्या तुम्हाला माल लागेल, माणसं लागतील, कोणाची सही लागेल."

"लागंल. तवा बगू. बोर्ड नाय निगनार."

दोन दिवसांनी सकाळी बोर्डावर डांबर फासलेले होते. हौसाबाईंनी रंगाऱ्याला बोलावले. तो यायला कां-कूं करायला लागला तेव्हा त्यांनी रॉकेलने बोर्ड स्वतः पुसला आणि ब्रश घेऊन अक्षरे स्वतः काढली. अक्षर वाकडे आले. सातवीच्या पोरीचे येईल तसे. आधीपेक्षा मोठेही आले, त्यामुळे रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला लागले.

त्या बिल्डरने सांगितलेले खरे ठरले. वाळूवाल्याने उधारी बंद केली. सेंट्रिंगची माणसे दुसऱ्या साईटवर गेली. करंजाड्याचा जो प्लॉट हौसाबाईंना मिळायचा ठरला होता तो शेवटच्या क्षणी दुसऱ्याला गेला. अठ्ठावीसपैकी अकरा गिऱ्हाइके निघून गेली. त्यांचे पैसे परत करायचे तर एकच वाट होती. गावातला बंगला. हिरव्या रंगाचा, दोन मजली, दारात ओटा. मिठागरातून आलेल्या बाईने बांधलेला पहिला पक्का दरवाजा त्याचाच होता. हौसाबाईंनी तो विकला. विकताना बळीरामला विचारले नाही, नुसते सांगितले. तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी उठून म्हणाला, "मंग सामान बांदायचं कवा?"

आभाला दोन ठिकाणांहून नोकरीची बोलावणी आली होती. ती गेली नाही. "काकी, मी त्या दिवशी मिक्सरच्या पुढे आडवं व्हायला हवं होतं," ती एकदा म्हणाली.

"आडवी झाली असतीस तर दुसरी आनली असती तुज्याजागी," हौसाबाई म्हणाल्या. "तवा आमी तशीच होतो. आता उभी ऱ्हा, तेवढं पुरे."

पाच महिन्यांनी इमारत पुन्हा चार मजल्यांची झाली. वरून चौथ्या मजल्याच्या छतातून कापलेल्या सळया आभाळाकडे बघत होत्या. मग नव्या सळया आल्या, सेंट्रिंग लागले आणि पाचव्या मजल्याचे कॉलम पुन्हा भरायचा दिवस ठरला.

त्या सकाळी हौसाबाई साईटवर पोचल्या तेव्हा दीपेश गेटपाशी उभा होता. बोलावले नव्हते. सुट्टी टाकून आला होता बहुतेक. त्याने आईकडे पाहिले नाही; आभाकडून कागद घेतला, प्लांटमधून माल किती वाजता निघाला ते वाचले आणि पहिला मिक्सर आला तसा ड्रायव्हरच्या पाण्याच्या नळाशी जाऊन उभा राहिला. दिवसभर तिथेच राहिला. अठरा कॉलम भरून झाले. प्रत्येक मिक्सरच्या मालाचे ठोकळे त्याने स्वतः भरले, त्यांच्यावर तारीख कोरली. हौसाबाईंनी डबा उघडून दोन ताटे वाढली. एक तसेच राहिले. तो हात धुऊन, जेवल्याशिवाय, बाईक काढून निघून गेला.

अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे दाबले. सगळे पास झाले. आभाने फोनवर आकडे वाचायला सुरुवात केली तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "मना नको सांगू. पयलं दीपेशला कर फोन."

पझेशन ठरल्यापेक्षा चौदा महिने उशिरा दिले. सतरा कुटुंबे थांबली होती. हौसाबाईंनी प्रत्येकाच्या हातात किल्लीबरोबर फाईल दिली. भावना साळवींनी ती तिथेच उघडली. सगळ्यांत वर जुना, नापासाचा रिपोर्ट लावलेला होता.

"हा कशाला आता? ते कॉलम तर राहिलेच नाहीत."

"तो बी तुमच्या घराचाच कागद हाय," हौसाबाई म्हणाल्या. "ठेवा."

भावनाबाईंनी फाईल मिटली. त्या अजूनही फार गोड बोलत नव्हत्या. पण सासऱ्यांना लिफ्टपर्यंत नेताना वळून म्हणाल्या, "चहाला या. सहाव्यावर."

न विकल्या गेलेल्या घरांपैकी एक पाचव्या मजल्यावरचे होते. बंगला गेल्यावर हौसाबाई आणि बळीराम भाड्याने राहत होते. ते तिथे राहायला आले. बळीरामला ओट्याची सवय. लिफ्टमध्ये शिरताना तो अजून वाकायचा. ऑफिस विकले होते, म्हणून हौसाबाईंचे टेबलही घरातच आले होते. पुढच्या कामासाठी त्या एका गावकऱ्याच्या छोट्या प्लॉटचे कागद बघत होत्या. तीन मजल्यांचे काम. त्यांच्या पहिल्या इमारतीपेक्षाही लहान.

मार्चमधल्या एका सकाळी बाजारात ताजे बोंबील भरपूर आले होते. हौसाबाईंनी टोपलीभर घेतले, साफ केले, मीठ लावले. गॅलरीत ऊन चांगले येत होते. त्या दोरी बांधायला लागल्या तेवढ्यात बेल वाजली. नव्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. चांगला, मृदू माणूस, मुंबईहून आलेला.

"मॅडम, तुमचंच नाव सगळे आदराने घेतात," ते दारातून आत वाकून गॅलरीकडे बघत म्हणाले. "पण सोसायटीने कालच ठराव केला. गॅलरीत मासे वाळत घालायचे नाहीत. वास जातो वर. इमारतीची शोभा पण..."

बळीरामने खुर्चीतून बायकोकडे पाहिले आणि पेपर तोंडासमोर धरला.

"ठराव कागदावं केला?" हौसाबाईंनी विचारले.

"हो."

"मंग कागद द्या. गेटवं लावा. माजी हरकत नाय." त्यांनी दोरीचे एक टोक खांबाला दोनदा वळसा देऊन आवळले. "पन हे खांब मी दोनदा बांधलंत. दोरी मी बांधनार."

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटून निघून गेले.

हौसाबाईंनी दुसरे टोक पलीकडच्या खांबाला बांधले, हाताने ओढून बघितले. मग टोपली जवळ घेतली आणि दोन दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायला लागल्या. खाली रस्त्यावरून कंटेनरची गाडी गेली. मजला हलला नाही.